पन्नास नावं

होडेनोशोनी म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सहा आदिवासी राष्ट्रांचा महासंघ. त्यांच्या महासभेत पन्नास जागा आहेत आणि प्रत्येक जागेला एक नाव आहे. नाव जागेचं, माणसाचं नव्हे. कुणीतरी ते नाव धारण करतो, वीस-तीस वर्षं वागवतो, जातो. मग तेच नाव दुसऱ्याच्या अंगावर चढतं. मोहॉकांची नऊ नावं, ओनायडांची नऊ, ऑनोंडागांची चौदा, कायुगांची दहा, सेनेकांची आठ. सहावे टस्करोरा. ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅरोलायनातून हुसकले गेले आणि उत्तरेला या भाऊबंदांच्या आश्रयाला आले. पन्नासांत त्यांचं नाव नाही, पण सभेत त्यांना स्थान आहे. जुन्या पुस्तकांत या सगळ्यांना ‘इरोक्वॉय’ म्हटलेलं सापडतं. ते बाहेरच्यांनी ठेवलेलं.

मी राहते ते न्यूयॉर्क राज्यातलं सिरॅक्यूज शहर ऑनोंडागांच्या जमिनीवर वसलेलं आहे. गावातून दक्षिणेला जाणारा ८१ क्रमांकाचा महामार्ग थोड्याच वेळात ऑनोंडागा राष्ट्राच्या हद्दीतून जातो. सुमारे ७,३०० एकरांचं हे राष्ट्र. पासष्ट मैलांच्या वेगाने जाणाऱ्याला ते लागलं कधी आणि संपलं कधी, कळतही नाही. तिथे निवडणुका होत नाहीत. कसिनो नाही. कारभार प्रमुखांच्या आणि कुळमातांच्या हातात आहे. त्या प्रमुखांतला एक ‘ताडोडाहो’. हेही पन्नासांतलंच नाव, आणि ज्याच्याकडे ते असतं तो सबंध महासंघाच्या सभेचा मुख्य. आजही ती जागा भरलेली आहे.

संस्कृती जपायची म्हटलं की आपला हात आपसूक संमेलनाकडे, महोत्सवाकडे, काचेच्या कपाटाकडे जातो. इतकी वर्षं या लोकांच्या शेजारी राहून माझं मत उलटं झालं आहे. यांच्याकडे जे टिकलं ते कारभाराला लागत होतं म्हणून टिकलं. गाणं येत नसेल तर प्रमुख नेमता येत नाही, भाषा येत नसेल तर सभा उघडता येत नाही, कूळ ठाऊक नसेल तर सभेत बसायचं कुठे तेच कळत नाही.

नाव कुणाला द्यायचं हे कुळमाता ठरवते, कुळातल्या बायकांशी बोलून. कूळ आईकडून येतं. कासव, लांडगा, अस्वल ही कुळं सगळ्या राष्ट्रांत. त्याशिवाय हरीण, ससाणा, पाणलावा अशी काहींकडेच असलेली. एका कुळात लग्न होत नाही. देवक एक निघालं की आमच्याकडे सोयरीक मोडते तसंच. फरक एवढाच की आमच्याकडे देवक बापाच्या बाजूने मोजतात. कुळमातेने निवडलेल्या पुरुषाच्या डोक्यावर हरणाची शिंगं ठेवली जातात. तो नीट वागला नाही तर ती त्याला ताकीद देते. तीन ताकिदींनी फरक पडला नाही तर शिंगं उतरवून घेते. प्रमुखाची कातडी सात वीत जाड असावी, म्हणजे टीका आणि राग आतपर्यंत पोचू नये, असं त्यांच्या महान शांतिनियमात सांगितलं आहे. हे वाचलं तेव्हा आमच्याकडचे अनेक जाड कातडीचे पुढारी डोळ्यांसमोर आले, पण त्यांची कातडी जाड असण्याचं कारण निराळं.

हा नियम कुठून आला त्याची कथा इथल्याच तळ्याशी संपते. पाच राष्ट्रं एकमेकांचा सूड उगवण्यात गुंतली होती. एक खून, त्याचा बदला, त्या बदल्याचा बदला. तेव्हा उत्तरेकडून एक माणूस दगडाच्या होडीतून आला. त्याचं नाव समारंभाबाहेर उच्चारत नाहीत, नुसतं ‘शांतिदूत’ म्हणतात, म्हणून मीही इथे लिहीत नाही. त्याचं म्हणणं पहिल्यांदा मानलं ते एका बाईने, जिगोनसासेने. येणाऱ्या-जाणाऱ्या लढवय्यांना ती जेवू घालायची, बाजू न विचारता. प्रमुख नेमण्याचा हक्क बायकांकडे आहे तो तिच्यामुळे, असं सांगतात. दुसरा भेटला हायावाथा. त्याच्या मुली मेल्या होत्या आणि तो दुःखाने रानोमाळ फिरत होता. शिंपल्यांचे मणी दोरीत ओवून तो स्वतःशीच म्हणायचा, की माझ्यासारखं दुःख कुणाला झालेलं दिसलं तर मी या माळा घेऊन जाईन आणि त्याला असं असं म्हणेन. पण त्याच्याकडे कुणीच आलं नाही. शांतिदूताने त्या माळा त्याच्याच हातातून घेतल्या आणि तेच शब्द त्याला ऐकवले.

सगळ्यात शेवटी राहिला ताडोडाहो, ऑनोंडागांचा जुलमी पुढारी. अंग वेडंवाकडं, केसांत साप. त्याला मारलं नाही. गाणं म्हणत म्हणत त्याचं शरीर सरळ केलं, केसांतले साप विंचरून काढले आणि त्यालाच सभेचा मुख्य केलं. सगळ्यांत कडवा विरोधक अध्यक्षाच्या जागी! राज्यशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मला ही युक्ती धाडसी वाटते. मग ऑनोंडागा तळ्याच्या काठी एक उंच पांढरा पाइन उपटला, खालच्या खड्ड्यात शस्त्रं टाकली, झाड पुन्हा लावलं. शेंड्यावर गरुड बसवला, लांबूनच धोका दिसावा म्हणून.

त्याच तळ्यात विसाव्या शतकात कारखान्याने पारा सोडला. १९४० साली पोहायला बंदी झाली, १९७० साली मासेमारीला. मी इथे आले तेव्हा लोक नाक मुरडूनच त्या तळ्याचं नाव घ्यायचे. अब्जावधीचा खर्च करून आता बरंच साफ केलं आहे. काठाने सायकलीचा रस्ता आहे, रविवारी आम्हीही जातो.

पन्नासांपैकी एक गेला की काय होतं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. महासंघाचे दोन भाग: मोहॉक, ऑनोंडागा, सेनेका हे थोरले भाऊ, ओनायडा आणि कायुगा धाकटे, आणि नंतर आलेले टस्करोराही त्यांच्याच बाजूला. प्रमुख ज्या बाजूचा गेला ती बाजू सुतकात. सुतकातल्या माणसाचं चित्त ठिकाणावर नसतं, त्याने कारभाराचं बोलू नये, आणि स्वतःचं सांत्वनही स्वतः करू नये; ते काम समोरच्या बाजूचं. म्हणून समोरचे निघतात. वाटेने पन्नासही नावांची हाक देत, गात येतात. रानाच्या कडेला, विस्तवापाशी, सुतकातले त्यांची वाट पाहत उभे असतात. पहिलं स्वागत तिथेच होतं: एवढ्या काट्याकुट्यांतून, धोक्यांतून तुम्ही आलात. मग मण्यांच्या माळा एकेक करून पुढे होतात. पहिल्या माळेबरोबर डोळे पुसतात, हरणाच्या मऊ कातड्याने, म्हणजे पुन्हा नीट दिसावं. दुसरीबरोबर कान मोकळे करतात. तिसरीबरोबर घशात अडकलेला आवंढा काढतात, म्हणजे बोलता यावं. अशा बऱ्याच माळा. तेव्हा कुठे नवा माणूस समोर आणायचा, त्याचा चेहरा दाखवायचा आणि मेलेल्याचं नाव त्याच्यावर ठेवायचं.

मी हा समारंभ पाहिलेला नाही आणि पाहायला मागणारही नाही. जे लिहिलं ते त्यांनी बाहेर सांगितलेलं आणि छापलेलं तेवढंच. पण त्याची रचना बघा. एक जागा भरायची तर समोरच्या बाजूला भाषा आली पाहिजे, चाली आल्या पाहिजेत, माळांचा क्रम पाठ हवा, पन्नास नावं ओळीने यायला हवीत. माझ्या बाजूचं सगळं शाबूत असून भागत नाही, तुमच्याही बाजूचं शाबूत लागतं. आपला शेजारी आपली परंपरा विसरला तर आपलं सरकार अडतं. आज काही नावं रिकामी आहेत. त्यामागे योग्य माणूस नसणं जसं असतं, तसं समोर उभं राहून ते सगळं म्हणणारं कुणी नसणंही असू शकतं.

सभेत मत मोजत नाहीत. विषय आधी मोहॉक आणि सेनेकांपुढे जातो. त्यांचं एक झालं की विस्तवाच्या पलीकडे ओनायडा आणि कायुगांकडे. तिथून ऑनोंडागांकडे, कारण अग्नी राखण्याचं काम त्यांचं. त्यांना पटलं तर निर्णय झाला. नाही पटलं तर विषय परत पहिल्यापासून. एकमत होतच नसेल तर तो बाजूला ठेवायचा. वेळ फार जातो हे त्यांनाही दिसतं.

एका वर्षी ११ नोव्हेंबरला मी कॅनन्डेग्वाला गेले होते, इथून पश्चिमेला गाडीने तासाभरापेक्षा थोडं जास्त. १७९४ साली याच तारखेला तिथे अमेरिकेने या सहा राष्ट्रांशी करार केला. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनच्या वतीने टिमथी पिकरिंग आला होता; राष्ट्रांकडून कॉर्नप्लांटर, रेड जॅकेट आणि इतर पन्नासेक प्रमुख. सोळाशेच्या आसपास होडेनोशोनी जमले होते. तुमच्या जमिनीवर अमेरिका कधीही हक्क सांगणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. आणि दर वर्षी ४,५०० डॉलरचा माल द्यायचा, असंही. तो माल आजही येतो, कापडाच्या रूपाने. आता ते साधं मांजरपाट असतं. करारात रक्कम ठरलेली आहे, वार ठरलेला नाही. त्यामुळे दोनशे तीस वर्षांच्या महागाईत माणशी वाट्याला येणारा तुकडा आखडत गेला. पण आम्हाला पैसा नको, कापडच पाठवा, यावर ते ठाम आहेत. कापड आलं म्हणजे करार जिवंत. वॉशिंग्टनने दिलेला मण्यांचा पट्टाही आहे: तेरा माणसं, म्हणजे अमेरिकेची मूळची तेरा राज्यं, हातात हात घालून उभी, मधे घर आणि घराच्या दोन बाजूंना आणखी दोघं.

कॅनन्डेग्वाच्या कोर्टाच्या आवारात त्या दिवशी बोचरी थंडी होती. माझ्या शेजारी एक आजी घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या, जांभळ्या रिबिनींचं काम केलेला घागरा, त्यावर पुरुषी जाड जॅकेट, पायात बर्फातले बूट. कार्यक्रम सुरू झाला तो आभारांच्या शब्दांनी. कुठलीही सभा, शाळेची असो की महासंघाची, याच शब्दांनी उघडते आणि याच शब्दांनी बंद होते. आधी माणसांचे आभार, मग पृथ्वीचे, पाण्याचे, माशांचे, झाडोऱ्याचे, मका-घेवडा-भोपळ्याचे, औषधी वनस्पतींचे, प्राण्यांचे, वृक्षांचे, पक्ष्यांचे, वाऱ्यांचे, मेघगर्जनेचे, सूर्याचे, चंद्रआजीचे, ताऱ्यांचे. प्रत्येकानंतर, आता आपली मनं एक झाली, असं म्हणायचं आणि जमलेल्यांनी हुंकार द्यायचा. हे बोलणारा कागद बघत नव्हता. पाठ केलेलंही म्हणत नव्हता. ठरलेल्या क्रमातून स्वतःच्या शब्दांत चालला होता. माशांपर्यंत येईतो माझी बोटं बधिर झाली. आजींनी न बघताच एक हात गरम ठेवायची पुडी माझ्या हातात सरकवली आणि वेळेवर हुंकार दिला. मग पुढारी बोलले, शाळेची मुलं आली, एका सरकारी पाहुण्याने भाषण वाचून दाखवलं. त्याच्या भाषणातलं एक वाक्य आठवत नाही.

वॉशिंग्टनबद्दल आणखी एक. १७७९ साली त्याच्या हुकुमाने जनरल सुलिव्हनचं सैन्य या मुलखात शिरलं. चाळीसवर गावं जाळली, मक्याची उभी पिकं तोडली, फळबागा भुईसपाट केल्या. होडेनोशोनी भाषांत वॉशिंग्टनला जे नाव आहे त्याचा अर्थ गावं उद्ध्वस्त करणारा. ते नाव त्याच्याबरोबर गेलं नाही. अमेरिकेचा जो कोणी अध्यक्ष होतो त्याला तेच नाव लागतं. यांच्या हिशेबात तीही एक जागाच, आणि जागेचं नाव माणूस बदलला म्हणून बदलत नाही.

कॅनन्डेग्वाचा करार मोडला गेलाच. १९६५ साली किन्झुआ धरण पूर्ण झालं आणि सेनेकांची सुमारे दहा हजार एकर जमीन पाण्याखाली गेली, सहाशेच्या आसपास माणसं उठवली गेली, कॉर्नप्लांटरची कबर हलवावी लागली. आमच्याकडे कोयनेच्या, उजनीच्या पाण्याखाली गावं गेली त्यांना या गोष्टीचं नवल वाटणार नाही.

काचेच्या कपाटाबद्दल वर बोलले, तर न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीची, ऑल्बनीची गोष्ट सांगायला हवी. मण्यांचे पट्टे म्हणजे महासंघाचं दप्तर. क्वाहॉग नावाच्या शिंपल्याच्या जांभळ्या भागाचे मणी आणि शंखाचे पांढरे, सुताच्या किंवा कातड्याच्या ताणावर विणलेले. पट्टा आपण होऊन काही सांगत नाही. कुणीतरी हातात धरून तो बोलावा लागतो आणि ते बोलणं पिढीकडून पिढीकडे शिकवावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, लोक गरिबीने पिचलेले असताना, ऑनोंडागांकडचे चार पट्टे एका जनगणना अधिकाऱ्याच्या हाती लागले आणि त्याच्याकडून ते ऑल्बनीचा महापौर थॅचर याने ५०० डॉलरना घेतले. त्यांत हायावाथाचा पट्टा होता: मधे झाड, दोन्ही बाजूंना दोन-दोन चौकोन, पाचही राष्ट्रं एका रेषेने जोडलेली. राष्ट्रांनी कोर्टात धाव घेतली आणि हरली. पुढे ते पट्टे न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयात गेले. १९८९ साली बारा पट्टे ऑनोंडागांना परत मिळाले. नव्वद वर्षं ते पट्टे उत्तम स्थितीत होते. तापमान, ओलावा, प्रकाश, सगळं मोजून. फक्त सभेत नव्हते, इतकंच. तोवर त्यांना बोलतं करणारे वडीलधारे घरी तोंडी पाठ सांगत राहिले म्हणून परत आल्यावर काही अर्थ उरला.

कॅनडाच्या बाजूला निराळा घाव बसला. अमेरिकन क्रांतीत सहा राष्ट्रं फुटली होती. बरेचसे ब्रिटिशांच्या बाजूने लढले, ओनायडा आणि टस्करोरा बहुतांशी अमेरिकनांच्या. युद्धानंतर ब्रिटिशांच्या मित्रांना ऑंटारियोत ग्रँड रिव्हरच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैल जमीन मिळाली, १७८४ साली. आज तिच्यातली पाच टक्क्यांहून कमी त्यांच्याकडे आहे. तिथेही महासभेचा अग्नी पेटला; तेव्हापासून दोन अग्नी आहेत. कॅनडा सरकारला पन्नास नावांचं हे सरकार खुपत होतं. डेस्काहे हे नाव तेव्हा लिव्हाय जनरल नावाच्या कायुगा माणसाकडे होतं. १९२३ साली तो होडेनोशोनींच्याच पासपोर्टवर जिनिव्हाला गेला, राष्ट्रसंघापुढे गाऱ्हाणं मांडायला. आयर्लंड, पनामा, इराण, एस्टोनिया या देशांनी त्याची बाजू ऐकून घ्यावी म्हणून प्रयत्न केला. ब्रिटनने तो हाणून पाडला. डेस्काहेला सभागृहात बोलू दिलं नाही.

इथे एक गोष्ट मला नेहमी टोचते. त्याच राष्ट्रसंघात हिंदुस्थानला खुर्ची होती, पहिल्या दिवसापासून. ज्याचा कारभार लंडनहून चालायचा तो देश सभासद. आणि स्वतःचा कारभार स्वतः चालवणारे, स्वतःचा पासपोर्ट काढणारे दाराबाहेर.

१९२४ च्या शरद ऋतूत, डेस्काहे परदेशी असताना, ग्रँड रिव्हरकाठच्या ओस्वेकन गावातल्या सभागृहाला पोलिसांनी कुलूप लावलं, पट्टे जप्त केले आणि सरकारने निवडून येणारी परिषद लादली. त्या वेळच्या कायद्याने बायकांना मत नव्हतं. कुळमातांनी नेमायचं आणि काढायचं, ती पद्धत लोकशाहीच्या नावाने मोडली, आणि ती मोडणाऱ्या मतपेटीजवळ बायकांना जाऊ दिलं नाही! डेस्काहे १९२५ साली वारला. त्याला घरी परतताही आलं नव्हतं. निवडून येणारी परिषद आजही आहे, प्रमुखांची सभाही आहे. रस्ते आणि पाणी एकीकडे, करार आणि जमीन दुसरीकडे, आणि मधे कोण कोणाच्या वतीने बोलतो यावर न संपणारा वाद.

हे सगळं फार सुंदर आहे असं चित्र उभं करायचं नाही मला. १८४८ साली सेनेका फॉल्स गावात अमेरिकन बायकांनी स्त्री-हक्कांची पहिली परिषद भरवली. त्या चळवळीतल्या काहींना शेजारच्या होडेनोशोनी बायकांचे हक्क पाहून बळ आलं होतं. त्याच वर्षी, त्याच राज्यात, सेनेकांच्या एका मोठ्या गटाने प्रमुखांना बाजूला सारून लिखित राज्यघटना आणली. कारण रास्त होतं: काही प्रमुखांनी लाच खाऊन जमिनी विकल्या होत्या. पण नव्या व्यवस्थेत बायकांचं मत गेलं आणि ते परत यायला १९६४ साल उजाडलं. टोनावांडाच्या सेनेकांनी जुनी पद्धत ठेवली. आक्वेसास्नेचा मोहॉक मुलूख न्यूयॉर्क, ऑंटारियो आणि क्वेबेक अशा तिघांत विभागला आहे. तिथे अमेरिकेने मान्य केलेली परिषद, कॅनडाने मान्य केलेली परिषद आणि पारंपरिक प्रमुख अशी तीन सरकारं. १९९० साली जुगाराच्या प्रश्नावरून तिथे बंदुका निघाल्या आणि दोन माणसं मेली. ज्या लोकांनी शस्त्रं झाडाखाली पुरली त्यांच्यातच. एकमताची पद्धत प्रत्येक वेळी माणसांना वाचवते असं नाही. कसिनोचा पैसा, बाहेरच्या सरकारची मान्यता कुणाला, या प्रश्नांवर भाऊबंद आजही कोर्टात आहेत. आणि कोर्टात गेलं की निकाल बाहेरचा न्यायाधीश देतो, बाहेरच्या नियमाने. तिथे कुळमातेच्या तीन ताकिदींना किंमत शून्य.

भाषेचं मात्र त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. ऑंटारियोतल्या ब्रँटफर्डच्या मोहॉक इन्स्टिट्यूट या निवासी शाळेत एकोणिसाव्या शतकापासून १९७० पर्यंत मुलांना घरापासून तोडून ठेवलं जाई. रोज मिळणाऱ्या बेचव लापशीवरून मुलांनी शाळेचं नाव पाडलं होतं. आपली भाषा बोललं की मार. त्या शाळेतून आलेल्या आईबापांनी आपल्या मुलांना भाषा शिकवली नाही, मार वाचावा म्हणून. १९७९ साली आक्वेसास्नेतल्या पालकांनी स्वतःची शाळा काढली, सरकारी परवानगी न मागता. अभ्यासक्रम कुठला? तेच आभाराचे शब्द. पाणी आलं की पाण्याचं विज्ञान, तारे आले की आकाश. ग्रँड रिव्हरला १९९९ पासून मोठ्यांसाठी पूर्ण वेळ मोहॉक शिकवण्याचा वर्ग चालतो. मोहॉकमध्ये एका क्रियापदात आख्खं वाक्य मावतं. शब्द पाठ करून काही हाती लागत नाही, म्हणून तिथे मुळं आणि त्यांना लागणारे तुकडे शिकवतात. नोकरी सोडून, वर्षभर रोज बसून लोक शिकतात.

मी आमच्या गावच्या मराठी शाळेत रविवारी शिकवते. बृहन्महाराष्ट्र मंडळाची पुस्तकं आहेत, मुलं गोड आहेत, ‘ळ’ वर सगळे अडखळतात. मुलं नाहीच शिकली तरी मराठी मरत नाही. तिकडे कोट्यवधी लोक बोलत आहेत. त्यामुळे आमची शाळा सुट्टीत बंद असते, बर्फात बंद असते, कुणाचा फुटबॉल असला की निम्मी रिकामी. त्यांना ती चैन नाही. त्यांच्या भाषेला दुसरं गाव नाही. आणि एक फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो: आमच्या मुलांनी मराठी कशासाठी शिकावी याचं उत्तर ‘आजीशी बोलायला’ इथेच संपतं. आक्वेसास्नेतल्या मुलाला ती येत नसेल तर उद्या सभा कोण उघडणार, हा प्रश्न घरात खरोखर विचारला जातो.

२००५ साली ऑनोंडागा राष्ट्राने दावा लावला. न्यूयॉर्क राज्याने करार धाब्यावर बसवून जमिनी घेतल्या, हे कोर्टाने मान्य करावं, एवढीच मागणी. चाळीसेक मैल रुंदीचा पट्टा, पेनसिल्व्हेनियाच्या सीमेपासून कॅनडापर्यंत. आमचं घर त्यात येतं, मुलांची शाळा येते, मंडळाचा गणपती बसतो ते चर्चचं सभागृहही. २०१० साली दावा फेटाळला गेला. फार काळ लोटला, आता तिथे राहणाऱ्यांच्या अपेक्षा पक्क्या झाल्या आहेत, त्या विस्कटता येणार नाहीत, अशा अर्थाचं कारण. त्या पक्क्या अपेक्षा म्हणजे आम्ही, तीस वर्षांच्या गृहकर्जासकट. वरच्या कोर्टांनीही ऐकलं नाही, तेव्हा २०१४ साली ते अमेरिका खंडाच्या मानवी हक्क आयोगाकडे गेले. आयोगाने २०२३ साली अर्ज सुनावणीयोग्य ठरवला. दरम्यान २०२२ साली, तळ्याच्या प्रदूषणाच्या भरपाईचा भाग म्हणून, टली खोऱ्यातली हजारभर एकर जमीन ऑनोंडागांना परत द्यायचं ठरलं. तळ्याला मिळणाऱ्या ऑनोंडागा ओढ्याचा उगम त्या जमिनीत आहे.

दिवाळीच्या कार्यक्रमात पानं वाढायच्या आधी मी हे सांगत होते, तर एका काकूंनी थेट मुद्द्याला हात घातला: “मग ते जिंकले असते तर आपलं घर गेलं असतं?” मी म्हटलं, नाही, दावा लावतानाच त्यांनी जाहीर केलं होतं की कुणालाही घराबाहेर काढायचं नाही, त्यांना इथल्या सगळ्यांशी सलोखा करायचा आहे आणि पाणी स्वच्छ करायचं आहे. काकूंनी मान हलवली. त्यांना काही ते पटलं नाही. “अगं, जमिनीच्या बाबतीत माणसं कागदावर काय वाट्टेल ते लिहून देतात,” त्या म्हणाल्या, “नंतर कोण पाळतंय?” कॅनन्डेग्वाच्या त्या आजी शेजारी असत्या तर त्यांनी नक्की हुंकार दिला असता.